अमेरिकेचे सुरुवातीचे नेते आणि त्यांचे गुलाम

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे कुरआन होता, हा मेसेज आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये वरचेवर फिरतो. माहिती खरी आहे. जॉर्ज सेल यांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १७६५ साली, कायद्याचा अभ्यास करताना विकत घेतला होता. २००७ मध्ये कीथ एलिसन या मुस्लिम खासदारांनी त्याच प्रतीवर हात ठेवून शपथ घेतली. पण त्याच घरातली दुसरी गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही. जेफरसन यांनी हयातभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

आणि ते एकटे नव्हते. पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी फक्त दोघांनी, म्हणजे जॉन अॅडम्स आणि त्यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी, कधीच गुलाम ठेवले नाहीत. बाकी दहांपैकी आठ जण तर पदावर असतानाही गुलामांचे मालक होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्यांचा गौरव म्हणून. हे नेते त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना वडील वारले तेव्हा, वयाच्या ११ व्या वर्षी, १० गुलाम वारसाहक्काने मिळाले. १७९९ मध्ये त्यांच्या माउंट व्हर्नन या जहागिरीत ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. बाकीचे बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. १७७४ च्या करपात्र मालमत्तेच्या यादीत दोन नावे आहेत, ‘फातिमर’ आणि ‘लिटल फातिमर’. फातिमा हे नाव ओळखायला आपल्याला इतिहासकाराची गरज नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांत मुसलमान किती होते याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण अशी नावे कागदावर उरली.

‘तो काळच तसा होता’ असे सांगून हा विषय मिटवला जातो. आम्हाला ते पटत नाही. त्याच व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टर नावाच्या बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये कागद करून आपले ४५० हून अधिक गुलाम टप्प्याटप्प्याने मुक्त करायला सुरुवात केली. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः कधीकाळी गुलाम ठेवत होते. १७९० मध्ये त्यांनीच गुलामगिरी संपवा म्हणून काँग्रेसकडे अर्ज केला. चूक आहे हे जेफरसन यांनाही कळत होते, त्यांनी तसे लिहूनही ठेवले. तरी मृत्युपत्रात त्यांनी फक्त पाच जणांना मुक्त केले. अंगावर कर्ज होते. १८२७ च्या जानेवारीत त्यांच्या घरच्या १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला.

१७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्दच नाही. ‘इतर व्यक्ती’ असे लिहून काम भागवले. लोकसंख्या मोजताना अशा पाच जणांचे तीन धरायचे, म्हणजे मालकांच्या राज्यांना जागा जास्त. मत मात्र त्या माणसांना नाही.

कायद्यातून वाट काढायची कशी, हे वॉशिंग्टन यांच्याकडून शिकावे. तेव्हा राजधानी फिलाडेल्फियात होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला की स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून मुदत भरायच्या आत घरातल्या गुलामांना राज्याबाहेर नेऊन आणायचे, आणि गुलामांना काय, लोकांनाही त्याचे कारण कळू द्यायचे नाही, अशी सूचना त्यांनी आपल्या सेक्रेटरीला दिली होती. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या १७९३ च्या कायद्यावर सही त्यांचीच.

मे १७९६ मध्ये घरचे लोक जेवायला बसलेले असताना ओना जज ही बावीसेक वर्षांची दासी तिथून निघून गेली. मार्थांच्या नातीला आपल्याला भेट म्हणून देणार आहेत, हे तिच्या कानावर आले होते. जहाजाने ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. राष्ट्राध्यक्षांनी तिच्या शोधाला सरकारी कस्टम अधिकारी लावला. मालक-मालकिणीच्या पश्चात मुक्त करणार असाल तर परत येते, असे तिने कळवले. वॉशिंग्टन यांनी ती अट फेटाळली.

वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांचे स्वतःचे गुलाम मुक्त व्हायचे होते, आणि मार्थांनी १ जानेवारी १८०१ ला ते केलेही. ओना मात्र इस्टेटीतली, तिला ते लागू नव्हते. १८४८ मध्ये ती न्यू हॅम्पशायरमध्येच वारली, कायद्याच्या हिशेबी तेव्हाही पळून गेलेली गुलाम.