व्हॉल्व्ह बंदच होता

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टन वॉटर या खाडीला मिळणाऱ्या हॅम्बल नदीत, पात्रात रोवलेल्या खांबांना बोटी बांधून ठेवतात. त्यातली १९७५च्या सुमाराची एक सव्वीस फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट घेऊ. वजन तीन टन. बोट नमुन्यादाखल आहे. तिच्यातला प्रत्येक दोष मात्र त्या वयाच्या बोटींत सर्रास सापडणारा, आणि पाण्याचा हिशेब साध्या गणिताचा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी ७ वाजता ती बुडणार आहे.

उणे ३० वर्षे

बोटीतला हातपंपाचा संडास काढून तिथे उचलून नेता येणारा संडास ठेवला जातो. मैला बाहेर सोडणारी ३८ मिलिमीटरची नळी निघते. ती नळी ज्याला जोडलेली होती ती फिटिंग, म्हणजे तळातल्या भोकातून आरपार गेलेला आट्यांचा पितळी तुकडा, आणि त्यावरचा व्हॉल्व्ह मात्र जागेवरच राहतात. ते काढायचे तर बोट पाण्याबाहेर घ्यायची, भोक बुजवायचं, खर्च करायचा. त्यापेक्षा व्हॉल्व्हचं चाक घट्ट आवळून ठेवणं सोपं.

उणे १० वर्षे

साध्या पितळात तांब्याबरोबर चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं सच्छिद्र तांबं. आकार तोच, जाडी तीच, ताकद गेलेली. खरवडलं तर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो, पण खरवडतो कोण? दर वसंतात तळाला शेवाळरोधक रंग लागतो, तो फिटिंगच्या तोंडावरही लागतो.

छोट्या बोटींच्या अशा फिटिंगसाठी १९९४मध्ये आयएसओ ९०९३ हे मानक आलं. त्यात धातू ‘गंजरोधक’ ठरायला पाच वर्षं निर्दोष टिकला तरी पुरे होता. ही फिटिंग तर त्या मानकापेक्षाही जुनी.

वापरातला व्हॉल्व्ह आपली तब्येत सांगत असतो. जड फिरतो, ओलावतो, त्याच्याभोवती हिरवट पूड धरते. रोज हात लागतो म्हणून ते कळतं. ज्याचं काम संपलं त्याला कुणी हात लावत नाही. तो फळीखाली, कपाटाच्या तळाशी, सामानामागे पडून राहतो.

उणे ३८ तास : शुक्रवार, संध्याकाळी ५

हंगाम संपत आलेला. मालक आवराआवर करतो आणि दहा किलोचा जादा नांगर त्याच कपाटात ढकलतो. नांगराची दांडी व्हॉल्व्हवर टेकते. अमेरिकेतल्या ‘एबीवायसी’ या संस्थेच्या मानकानुसार अशा सीकॉकने, म्हणजे तळातल्या भोकावरच्या व्हॉल्व्हने, ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा, भार ३० सेकंद सहन करायला हवा. इथे दहा किलो पुरतात. व्हॉल्व्ह आणि तळ यांच्या मधे, आट्यांच्या खाचेत जिथे धातू सर्वांत पातळ, तिथे केसाएवढी चीर जाते. चीर व्हॉल्व्हच्या अलीकडे, पाण्याच्या बाजूला आहे. चाक कितीही आवळलेलं असलं तरी आता त्याचा उपयोग नाही.

मालक कुलूप लावून निघून जातो.

उणे ३४ तास : शुक्रवार, रात्री ९

जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींच्या लाटांनी नांगर हलतो, दांडी तरफेसारखी व्हॉल्व्हला ढकलत राहते. चीर अर्ध्या घेरापर्यंत पसरते. रुंदी जेमतेम एक मिलिमीटर. फिटिंग पाण्याखाली एक फूट आहे. तेवढ्या दाबाने फटीतून मिनिटाला सहा लिटर पाणी आत येतं, तासाला ३६०.

तुकडा पुरता मोडला असता तर ३८ मिलिमीटरच्या उघड्या भोकातून मिनिटाला शंभरेक लिटर आलं असतं. दहा मिनिटांत एक टन. मग हा घटनाक्रम तासांत सांगता आला नसता.

बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सर्वांत खोल जागी, तरंगणारा स्विच उचलला जातो. पंप सुरू होतो.

उणे २० तास : शनिवार, सकाळी ११

पंपाच्या खोक्यावर तासाला ५०० गॅलन लिहिलेलं आहे, म्हणजे १,९०० लिटर. पाणी वर चढवायचं, वळणावळणाच्या नळीतून ढकलायचं, यात त्यातलं जेमतेम निम्मं उरतं. तरी ते येणाऱ्या पाण्याच्या अडीचपट आहे. पंप चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. आत सगळं कोरडं.

शेजारून छोट्या नावेतून जाणारा एकजण बोटीच्या मागच्या अंगातून पाण्याची चूळ पडताना पाहतो. पावसाचं पाणी असेल, असं म्हणून पुढे जातो. पण गेले दोन दिवस पाऊस नाही. दर काही मिनिटांनी चूळ टाकणारी रिकामी बोट मदतच मागत असते. ‘बोटयूएस’ या अमेरिकी बोटमालक संघटनेचा विमादाव्यांवरून काढलेला ठोकताळा आहे की, चालताना एक बोट बुडते तेव्हा बांधलेल्या जागी चार बुडतात. बांधलेल्या बोटीवर पाणी आलेलं पाहायला कुणी नसतं.

उणे ९ तास : शनिवार, रात्री १०

पंप अडीच अँपिअर घेतो आणि दर तासाला तेवीसएक मिनिटं चालतो. पंचवीस तासांत चोवीस अँपिअर-तास खर्च झाले. बॅटरीवर ७० लिहिलेलं असलं तरी ती जुनी आहे, तिच्यात एवढेच उरले होते. ढगाळ दिवसात छोट्या सौर पट्टीने काही भर घातली नाही. पंप घरघरतो आणि बंद पडतो.

उणे ५ तास : रविवार, पहाटे २

सुमारे १,४०० लिटर आत. या आकाराची बोट एक सेंटिमीटर खाली जायला अंदाजे ११५ किलो लागतात. म्हणजे ती बारा सेंटिमीटर खचली आहे. केबिनच्या फळ्या तरंगताहेत. पाणी मोकळं असल्याने मागे धावतं आणि मागची बाजू आणखी दबते.

उणे ३ तास : पहाटे ४

पंपाच्या नळीचं तोंड एरवी पाण्यापासून वीतभर वर असतं. आता ते बुडतं. नळीला वरपर्यंत नेलेलं वळण नाही. पाणी काढणारी नळीच पाणी आत घेऊ लागते. एकाचे दोन मार्ग झाले.

उणे १ तास : सकाळी ६

मागचा उघडा बसायचा हौदा नदीच्या पातळीला येतो. त्याच्या निचऱ्याच्या नळ्यांतून पाणी उलटं वर चढतं, बाकांच्या झाकणांखालून आणि केबिनच्या उंबऱ्यावरून आत शिरतं.

शून्य : सकाळी ७

बोट मागच्या अंगाने नदीच्या तळाला टेकते. व्हॉल्व्ह अजूनही घट्ट बंद आहे.

हे घड्याळ कुठे थांबलं असतं?

चांगली बॅटरी, मोठा पंप, शनिवारी कुणी केलेला एक फोन: यातल्या कशानेही काही तास मिळाले असते. फिटिंगवर आतून पितळी टोपी बसवण्याचाही उपयोग झाला नसता, कारण टोपी चिरेच्या पलीकडे, आतल्या बाजूला बसली असती. फिटिंगशेजारी बांधलेलं लाकडी बूच लागतंच, पण ते ठोकायला माणूस बोटीवर हवा.

खरा उपाय तीस वर्षांपूर्वीचाच. बोट वर घ्यायची आणि फिटिंग कापून काढायची. भोकाभोवतीचा फायबरग्लास उताराने घासायचा: जाडीच्या बारापट लांब उतार. तळ दहा मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूकडे बारा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाची उथळ बशी. आतून-बाहेरून निम्मा-निम्मा उतार दिला तर ती लहान होते. त्यात काचकापडाचे थर इपॉक्सीने एकावर एक चढवायचे. भोकात नुसती लांबी भरून रंग मारला तर ते बूचच, कधीतरी निघणारं. उताराने जोडलेला भाग मात्र तळाचाच होतो.

कामाचे दोनतीन दिवस जातात, तेही बोट पाण्याबाहेर असताना. म्हणून दर वेळी बोट वर आली की प्रत्येक फिटिंगबद्दल एकच प्रश्न विचारावा: यातून आज काय जातं? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर बोट ते भोक बुजवूनच पाण्यात सोडावी.