चुकीच्या ठिकाणी लावलेला फोन : लिनक्सच्या जन्मकाळातील काही दुरुस्त्या

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

१९९१ साल सरत आले होते. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावत होता. फोन लागला नाही. मोडेमला द्यावयाची आज्ञा त्याने अनवधानाने हार्ड डिस्कला दिली होती. डिस्कला फोन लावता येत नाही, लिहून मात्र घेता येते. तिने ती आज्ञा मुकाट्याने लिहून घेतली आणि त्या जागी पूर्वी जे काही होते ते पुसले गेले.

अशी चूक होते तरी कशी? युनिक्स परंपरेतील प्रणालींत प्रत्येक उपकरण हे फाइलच्या रूपात समोर येते. मोडेम ही एक फाइल, छापयंत्र ही एक फाइल, अख्खी हार्ड डिस्क हीसुद्धा एक फाइल. नावातील दोन-तीन अक्षरे चुकली की पत्र भलत्याच घरी पोहोचते. ज्यांनी लिनक्स वापरताना चुकीच्या डिस्कवर एखादी प्रतिमा लिहून आठवड्याचे काम गमावले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तो विद्यार्थी म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. त्या दिवशी डिस्कवरून पुसला गेला तो मिनिक्स या प्रणालीचा विभाग, आणि त्या हानीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लिनसच्या हाती पहिला संगणक आला तो आजोबांचा, कमोडोर कंपनीचा व्हिक-२०. आजोबा विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे त्याने स्वतःच्या पैशांनी सिंक्लेअर क्यूएल घेतला. या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम रॉममध्ये कायमची कोरलेली होती. ती वाचता येई, पण बदलता येत नसे. फ्लॉपी चालवणारा सोबतचा प्रोग्राम पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःचा लिहिला. लिहिता लिहिता लक्षात आले की माहितीपुस्तिका एक सांगते आणि यंत्र वागते दुसरेच. माझ्या मते लिनक्सच्या इतिहासाचा आरंभ शोधायचा तर तो या कुलूपबंद यंत्रापाशी शोधावा.

५ जानेवारी १९९१ रोजी त्याने नवा संगणक घरी आणला : ३८६ जातीचा, ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ मेगाबाइट मेमरी, ४० मेगाबाइटची हार्ड डिस्क. नाताळात मिळालेले पैसे आणि शैक्षणिक कर्ज यांतून पहिली रक्कम भरली, उरलेली तीन वर्षांच्या हप्त्यांवर. हे हप्ते लक्षात ठेवावेत, ते पुन्हा येणार आहेत.

संगणकावर डॉस होते, त्याला हवे होते युनिक्स. व्यापारी युनिक्स विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. मग राहिले मिनिक्स. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवण्यासाठी ही प्रणाली रचली होती आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकासोबत तिचा संपूर्ण सोर्स कोड खुला केला होता. लिनसने मागवलेल्या फ्लॉप्या येईपर्यंत महिन्याहून अधिक काळ लोटला. तोवर त्याने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळून घेतले.

मिनिक्स वाचता येई, विकत घेता येई आणि आपल्यापुरते बदलताही येई. परंतु बदललेली प्रणाली दुसऱ्याला देण्यास परवाना आडवा येई. ऑस्ट्रेलियातील ब्रूस इव्हान्स यांनी मिनिक्सला ३८६ वर नीट चालवणाऱ्या उत्तम दुरुस्त्या केल्या होत्या. त्या हव्या असतील तर आधी मूळ मिनिक्स विकत घ्यावे आणि मग प्रत्येक ठिगळ स्वतःच्या हाताने लावावे. घरोघरी हाच खटाटोप, प्रत्येकाने नव्याने करायचा. टॅनेनबाम यांची बाजूही समजण्यासारखी आहे. लोक मागतील ते सारे घातले असते तर एका सत्रात शिकवून होणारी छोटी प्रणाली उरलीच नसती. शिक्षकाला हवी असलेली वस्तू आणि घरी यंत्र चालवणाऱ्याला हवी असलेली वस्तू यांत येथे फाटा फुटला.

मिनिक्समधला विद्यापीठाशी जोडणी करणारा टर्मिनल प्रोग्राम लिनसला आवडला नाही. त्याने स्वतःचा लिहायला घेतला, आणि तोही कोणत्याही प्रणालीच्या आधाराशिवाय, थेट प्रोसेसरवर. ३८६ एकाच वेळी दोन कामे कशी सांभाळतो हे त्याला समजून घ्यायचे होते. पहिल्या प्रयोगात एक काम पडद्यावर ‘ए’ हे अक्षर लिही, दुसरे ‘बी’. घड्याळाच्या ठोक्यासरशी पाळी बदले. पुढे एकाने मोडेमकडून येणारी अक्षरे पडद्यावर टाकावीत आणि दुसऱ्याने कळफलकावरची मोडेमकडे पाठवावीत, अशी वाटणी झाली. टर्मिनल तयार झाले. मग विद्यापीठातून फाइल उतरवून घ्यावीशी वाटली, म्हणून डिस्क चालवणारा भाग लिहावा लागला. फाइल ठेवायची तर फाइलव्यवस्था हवी, तीही मिनिक्सला वाचता येईल अशी. एका गैरसोयीच्या पाठीमागे दुसरी, असे करत उन्हाळ्यापर्यंत टर्मिनल प्रोग्रामची ऑपरेटिंग सिस्टीम होऊ लागली होती.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चासमूहात विचारले की मिनिक्समधील काय आवडते, काय खटकते. आपले काम हा केवळ छंद आहे आणि आपल्यापाशी आहे त्याहून वेगळ्या जातीच्या डिस्कवर ते बहुधा कधी चालणार नाही, असेही त्याने कळवले. सप्टेंबरमध्ये ०.०१ ही पहिली आवृत्ती फिनलंडमधील एका सर्व्हरवर ठेवली गेली : सुमारे १० हजार ओळी. लिनसच्या मनातले नाव होते ‘फ्रीक्स’. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते रुचले नाही, त्यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले.

तरीही मिनिक्स सुटले नव्हते. लिनक्सचा कोड मिनिक्समध्ये बसून लिहिला जाई, तेथेच तो संकलित होई. इमारत चढत होती खरी, पण परांचीवर उभे राहून. चुकीच्या फोनाने मोडली ती ही परांची. आता दोनच वाटा होत्या : मिनिक्स पुन्हा बसवायचे, किंवा आपली प्रणाली आता स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते असे मानून चालायचे. त्याने मिनिक्स पुन्हा बसवले नाही. त्या क्षणापासून लिनक्समधील प्रत्येक दोष हा त्याच्या स्वतःच्या रोजच्या कामातला अडथळा ठरला.

याच सुमारास एका जर्मन वापरकर्त्याची अडचण आली. त्याच्या यंत्रात २ मेगाबाइटच मेमरी होती. तेवढ्यात कर्नल संकलित होईना, कारण संकलक जागा पुरू देईना. लिनसपाशी ४ मेगाबाइट होते. त्याची स्वतःची ही अडचण नव्हती. नाताळच्या सुट्टीत त्याने मेमरीतील पाने तात्पुरती डिस्कवर हलवून ठेवण्याची सोय लिहिली. नाताळच्या दिवसापर्यंत ती चालू लागली होती. मिनिक्समध्ये ही सोय नव्हतीच. एका अनोळखी माणसाच्या अपुऱ्या संगणकासाठी केलेल्या या दुरुस्तीने लिनक्स प्रथमच मिनिक्सच्या पुढे गेले, आणि जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ ही आवृत्ती आली तेव्हा वापरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली.

०.१२ सोबत आणखी एक बदल जाहीर झाला. पहिल्या परवान्यानुसार लिनक्सच्या वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती, फ्लॉपीचा खर्चदेखील घेता येत नसे. आता ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू परवान्याखाली आले : पैसे घ्या वा घेऊ नका, पण बदललेली प्रणाली पुढे देताना तिचा सोर्स कोडही द्या. स्टॉलमन यांच्या या आग्रहामागेही एक बिघडलेले यंत्र होते. एमआयटीतील प्रयोगशाळेच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडके. अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी अशी सुधारणा त्यांना करायची होती, परंतु सोर्स कोड देण्यास नकार मिळाला. ब्रूस इव्हान्स यांची ठिगळे ज्या भिंतीशी अडली होती, ती भिंत या परवान्याने लिनक्सपुरती पाडली.

२९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबाम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. एकाच ३८६ प्रोसेसरला जखडलेली, एकसंध कर्नलची ही रचना म्हणजे १९७०च्या दशकात मागे जाणे होय, असे त्यांचे म्हणणे. लिनसने तापून उत्तर दिले, मागाहून क्षमाही मागितली. सिद्धान्ताच्या बाजूने प्राध्यापकांचे बरेचसे बरोबर होते, असे माझे मत. पण लोकांच्या घरी जे यंत्र होते ते ३८६च होते.

घरी लिनक्स बसवणे मात्र सोपे नव्हते. फ्लॉप्यांचा ढीग, आणि त्यांतली एखादी ऐन वेळी दगा देणारी. ग्राफिक पडदा हवा असेल तर आपल्या मॉनिटरच्या वारंवारता हाताने लिहून द्याव्या लागत. चुकीचा आकडा दिला तर मॉनिटर जळू शकतो असा स्पष्ट इशारा असे. १९९२ साली पीटर मॅकडॉनल्ड यांनी एसएलएस नावाचा तयार संच केला. तो लोकप्रिय झाला आणि सदोषही होता. मिनेसोटातील विद्यार्थी पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांना त्यांच्या प्राध्यापकांनी घरच्या संगणकावर लिनक्स कसे बसवायचे ते दाखवण्यास सांगितले. एसएलएस बसवल्यावर दरवेळी त्याच त्या दुरुस्त्या कराव्या लागत, म्हणून त्यांनी त्या संचातच करून टाकल्या. जुलै १९९३ मध्ये तो संच ‘स्लॅकवेअर’ या नावाने बाहेर पडला. पुढच्याच महिन्यात इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली, तीही एसएलएसला कंटाळूनच.

आपल्याकडे सार्वजनिक इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त जोडणी केवळ अक्षरांची होती. मुंबईतले पोर मोडेमवरून फोन लावी आणि दूरच्या युनिक्स यंत्राचे टर्मिनल आपल्या पडद्यावर पाही, हेलसिंकीतल्या त्या विद्यार्थ्यासारखेच. त्या वेगाने अख्खे लिनक्स उतरवून घेणे जवळजवळ अशक्य. ते बहुतेकांच्या घरी आले ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीवरून, किंवा मित्राकडून मागून आणलेल्या त्याच सीडीवरून.

आता ते हप्ते. लोक लिनसला पैसे पाठवू का म्हणून विचारत, तो म्हणे पोस्टकार्डे पाठवा. जगभरातून पोस्टकार्डे आली. तरी संगणकाचे कर्ज शिल्लक होते. लिनक्सवर काम करणाऱ्या पीटर अँविन यांनी इंटरनेटवरून वर्गणी जमवली, सुमारे ३ हजार डॉलर, आणि ज्यांच्या यंत्रांच्या अडचणी त्या ३८६ वर सुटल्या होत्या, त्यांनी त्याचे उरलेले पैसे फेडून टाकले.