शाळेतली चूल

मुलांना स्वयंपाक शिकवायचा म्हटलं की आपल्याला हॉबी क्लास आठवतो. सेवाग्रामला मात्र तोच अभ्यास होता!

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' मांडली. पुढे आर्यनायकम दांपत्याच्या शाळेत मुलं भाजी पिकवायची, रांधायची, धान्याचा हिशेब ठेवायची. गणित तिथेच. अशाने शाळांचे कारखाने होतील, अशी टीकाही झाली.

मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. कोणी कोणाच्या हातचं खायचं हे जात ठरवायची, त्या काळात ही मुलं एकाच चुलीवर रांधत होती.

२००५ मध्ये सेवाग्रामलाच 'आनंद निकेतन' सुरू झालं. तिथेही शेती आणि स्वयंपाक हा अभ्यासच. आपल्या शाळांत कोडिंग आलं... कांदा चिरणं कधी येणार?