लंगडी जोडी आणि हिंगोलीचें रान

१९९९ सालीं परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा कयाधूकांठच्या काळ्या जमिनीचा मुलूख. पावसांत तिचा चिखल बैलाच्या खुरांत रुततो, उन्हाळ्यांत तीच भूमि भेगाळून दगडासारखी होते. लाल कंधारी बैल येथें प्रिय झाला तो त्याच्या काटकपणामुळें. त्याचा खूर दुभंगलेला, म्हणून नालबंद एका पायास नालाचे दोन तुकडे ठोकतो. परंतु नालानें न भागणारें दुखणें म्हणजे लाळ-खुरकत. तोंडांत फोड येऊन लाळ गळते. खुरांच्या बेचक्यांत फोड फुटतात, माशी बसून अळ्या पडतात, कधीं खुराचें कवचच निखळतें. वासरें हृदयास बाधा होऊन दगावतात. मोठें जनावर बहुधा वांचतें, पण पुढें उन्हांत धापा टाकतें.

निजामी अमलांत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तेथील घोड्यांना ही पीडा होत नसे, कारण घोड्याचा खूर अखंड. सामान ओढणाऱ्या बैलांचें तसें नव्हतें. १८७१ सालीं हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें हिंदुस्थानांतील गुरांच्या साथींचा अहवाल दिला. त्यांत मुख्य चिंता बुळकांडीची होती, आणि तें साहजिकच होतें. तिनें गोठे रिकामे होत, खुरकतीनें बैल नुसते लंगडत. मेलेलीं जनावरें मोजणाऱ्या वहीला पेरणीच्या दिवसांत दावणीला बसून राहिलेली जोडी कशी दिसणार? एक बैल लंगडला कीं दुसराहि निकामी, आणि वापसा कोणासाठीं थांबत नाहीं. इर्जिकीला शेजाऱ्याचे बैल मागावे, तर बहुधा साथ त्याच्याहि गोठ्यांत शिरलेली.

१८८९ सालीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास गेली. १८९८ सालीं जर्मनींत लफ्लर व फ्रॉश यांनीं दाखविलें, कीं खुरकतीचें बीज अतिसूक्ष्म गाळणींतूनहि पार जातें. जनावरांच्या रोगाचा हा पहिला ज्ञात विषाणु.

बुळकांडी २०११ सालीं जगांतून नाहींशी झाली. खुरकत मात्र उरली आहे. तिच्या सात जातींपैकीं भारतांत ओ, ए व एशिया-१ या आढळतात, आणि एकीची लस दुसरीस चालत नाहीं. शिवाय लशीचा प्रभाव सहाएक महिनेच टिकतो. म्हणून २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत दर सहा महिन्यांनीं गुरें टोंचण्याचें ठरलें. एक फेरी चुकली, तर पुढच्या पावसांत दावणीला पुन्हा तीच लंगडी जोडी.