शाहीर आणि पार्टी

बॉब डिलनच्या चाहत्यांचं एक भांडण साठ वर्षं झाली तरी मिटलेलं नाही. गाणी त्याची, शब्द त्याचे, आवाजही त्याचाच. पण त्याच्यामागे लीड गिटार वाजवणाऱ्यांत सगळ्यात भारी कोण? आमच्या ऑफिसात असे दोन भक्त आहेत. त्यांचा वाद सुरू झाला की चहा गार होतो. मी जालन्याचा, त्यामुळे मला हा वाद ओळखीचा वाटतो. आमच्याकडे जत्रेतला तमाशा बघून परतणारी मंडळी अशीच भांडतात, फक्त गिटारच्या जागी ढोलकी असते.

आधी डिलनचं बघू. ब्रूस लँगहॉर्न हा त्याचा सुरुवातीचा साथीदार. लहानपणीच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची बोटं तुटली होती, तरी 1965 च्या रेकॉर्डवर त्याची गिटार कशी नाजूक वाजते ते ऐका. त्याच्याकडे आपल्या डफासारखं एक भलंमोठं वाद्य होतं. 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' हे गाणं त्याच्यावरूनच सुचलं, असं खुद्द डिलनने सांगितलंय.

मग आला माइक ब्लूमफील्ड, शिकागोच्या ब्लूजमध्ये मुरलेला. ते बी. बी. किंगसारखं काही वाजवू नकोस, असं डिलनने त्याला बजावलं होतं म्हणे. 25 जुलै 1965 ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा शेजारी ब्लूमफील्डच होता. लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या दौऱ्यात ब्लूमफील्डची जागा रॉबी रॉबर्टसनने घेतली. मे 1966 मध्ये मँचेस्टरला प्रेक्षकांतून कुणीतरी डिलनला गद्दार या अर्थाने 'जुडास' म्हणून ओरडलं, त्या रात्री रॉबर्टसन वाजवत होता. 'लाइक अ रोलिंग स्टोन' हे एकच गाणं आधी ब्लूमफील्डचं ऐका, मग या रात्रीचं. शब्द तेच, पण पहिल्यात गिटार गाण्याच्या अंगाने चालते, दुसऱ्यात ती प्रत्येक ओळीला उलट उत्तर करते. पुढे 1975 मध्ये मिक रॉन्सन आला. 1999 पासून काही वर्षं तर लॅरी कँपबेल आणि चार्ली सेक्स्टन असे दोघं एकदम होते.

तर मुद्दा असा, की या तुलनेत गिटारवाल्यांना नुसते मार्क मिळत नाहीत. एका गाण्यात किती गाणी दडलेली असतात ते कळतं. साथीदार बदलला की गाण्याचा वेगळाच दरवाजा उघडतो.

आपल्याकडे हे नाही का? चांगलंच आहे. पोवाड्यात शाहिराच्या हातात डफ, मागे तुणतुणं आणि झांज घेऊन झीलकरी. शाहिराने ओळ टाकली की ते 'जी जी' करून सूर लांबवतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. झीलकरी कच्चा असेल तर भल्या शाहिराची दमछाक होते. तमाशातली ढोलकी तर त्याहून वरचढ. लावणी कुठे उचलायची आणि कुठे रोखायची, हे बऱ्याचदा ढोलकीवालाच ठरवतो.

आपल्याकडचं 'न्यूपोर्ट'ही घडून गेलंय, तेही दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. होनाजीने ढोलकीच्या जागी तबला आणला, असं सांगतात. होनाजी लिहायचा आणि बाळा गायचा. दोघांची नावं लावणीच्या शेवटच्या ओळीत गुंफलेली असायची, म्हणून आजही आपण 'होनाजी बाळा' असं एका दमात म्हणतो. काही जणांना तर तो एकच माणूस वाटतो :) नाव गाण्यातच शिवलं होतं, म्हणून बाळा टिकला. पण तो तबला कोण वाजवायचं? ते नाव शिवायला कुणी सुई घेतली नाही.

पुढेही तेच झालं. पाटीवर, तबकडीवर, कॅसेटवर 'अमुक शाहीर आणि पार्टी'. वामनदादा कर्डक (1922–2004) गावोगाव गात फिरले. त्यांची गाणी आमच्या जिल्ह्यात आजही तोंडपाठ असणारे लोक आहेत. पण त्यांच्या मागे कोणत्या गावात कोणी ढोलकी धरली, हे विचारा. डिलनच्या चाहत्यांना दौऱ्यातल्या एकेका रात्रीचा गिटारवाला सांगता येतो, कारण सेशनचे कागद राहिले, कव्हरवर नावं आली आणि उरलेलं चाहत्यांनीच वह्यांत लिहून ठेवलं. आमच्याकडचा वाद मात्र 'तो भोकरदनकडचा उंच ढोलकीवाला' की 'तो डावखुरा' इथेच अडतो. ती पिढी गेली की हे दोघंही जातील.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे जरा जास्तच टोचतं. कोडची कुठली ओळ कोणी कधी लिहिली, हे आम्ही एका कमांडमध्ये काढतो. अख्ख्या लावणीला उचलून धरणारा हात मात्र बेनाम!

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. जत्रेचे व्हिडिओ ढिगाने निघतात, पण खाली नाव गायकाचंच. पुढच्या वेळी एवढं करा. कार्यक्रम संपला की ढोलकीवाल्याजवळ जा, त्याचं नाव-गाव विचारा आणि त्याची हरकत नसेल तर तारखेसकट व्हिडिओखाली टाका. शक्य असेल तर त्याचा उस्ताद कोण, तेही विचारा.

मग भारी कोण यावर खुशाल भांडू. निदान कोणाबद्दल भांडतोय हे तरी माहीत असेल.