रविवारची बाग

स्कॉटलंडांत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याचें पत्र परवां आलें. “काका, आमच्या बागेला आठवड्यांतून एक रविवार पुरतो; बाकीचें काम ती आपलें आपणच उरकते,” असें त्यानें मोठ्या अभिमानानें लिहिलें आहे. पत्र वाचीत असतां माझी दृष्टि खिडकीबाहेर गेली. इंग्रजी पुस्तकांत पाहून मीं हौसेनें लाविलेली हिरवळ जालन्याच्या वैशाखांत वाळून तपकिरी झाली होती. रविवार त्याचा व माझा एकच. मग एकाची बाग फुलावी आणि दुसऱ्याची करपावी, हें कां? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों, तों तें वनस्पतिशास्त्राइतकेंच इतिहासांतहि सांपडलें.

प्रथम पावसाचीच गोष्ट घेऊं. लंडन शहरीं वर्षाकाठीं पाऊस पडतो तो सुमारें ६०० मिलिमीटर. जालन्याची सरासरी त्याहून कांहीं अधिकच आहे. परंतु तिकडे तो बारा महिन्यांत थोडा थोडा वांटला जातो आणि थंड हवेंत जमिनींतील ओल टिकून राहते. आमच्याकडे बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि उरलेले आठ महिने ऊन ती ओल शोषून घेतें. तिकडे हिवाळ्यांत बाग निजते, तेव्हां धन्यासहि निजावयास हरकत नसते. एकदां लाविलेले कंद वसंतांत आपोआप वर येतात. वाळलेला पाला वाफ्यांवर पसरला कीं तण दबतें. तात्पर्य, माझ्या पुतण्याची बाग माळ्यावांचून नाहीं. तिचा माळी आभाळांत बसला आहे, एवढेंच.

दुसरी गोष्ट सुटीची. आठवड्याअखेरची बाग ही आठवड्याअखेरच्या सुटीची कन्या होय. इंग्लंडांत १८५० च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुलें यांस शनिवारीं दुपारीं दोननंतर काम देण्यास मनाई झाली. पुढें १९०८ च्या कायद्यानें मागणी करणाऱ्या कष्टकऱ्यांस लागवडीसाठीं जमिनीचे लहान तुकडे खंडानें मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर पडली. आपल्याकडे मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें, १८९० सालीं. सुटी मिळाली खरी. पण चाळींत राहणाऱ्याला तुळशीच्या कुंडीपलीकडे माती कोठली मिळणार?

आतां जालन्याकडे वळूं. थंड मुलुखांतील माणसें या भागांत येऊन गेल्याचें आम्हांस ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं याच जिल्ह्यांतील असई गांवीं वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजेशीं लढाई केली; तींत स्कॉटलंडच्या दोन पलटणी होत्या व त्यांतील ७४ वी जवळजवळ कापली गेली. पुढें कुंडलिकेकांठच्या या शहराशेजारीं हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी वसली. अशा छावण्यांतून गोरे अंमलदार विलायतेहून बीं मागवीत आणि पावसाळा सरला कीं कोबी, गोडवाटाणा, हॉलिहॉक यांचे वाफे भरीत. मायदेशाची आठवण मातींत पेरण्याचा तो प्रयत्न होता. त्याची थट्टा करवत नाहीं. परंतु त्या वाफ्यांना पाणी कोण घाली? मोटेवरचा गडी, पखाल वाहणारा भिस्ती आणि पहाटे उठणारा माळी! साहेबाच्या बागेला कष्ट थोडे लागत, असें त्याच्या पुस्तकावरून वाटतें. कारण लागलेले कष्ट त्याचे नसत. तेंच पुस्तक हातीं धरून मीं हिरवळ लाविली, आणि भिस्त्याच्या जागीं टँकर बोलाविला.

जालन्यानें पाण्याचें मोल पूर्वींच ओळखलें होतें. जमशेदखानानें बांधविलेल्या मोती तलावांतून जमिनीखालच्या नळांनीं शहरांत पाणी खेळविलेलें होतें. बियांच्या बाबतींत तर काळानें चक्रच उलटें फिरविलें. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें बियाण्यांचा कारखाना काढला, आणि १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एके काळीं जेथें परक्या देशाचें बीं रुजविलें, तेथूनच आतां देशभर बीं जातें. पण पाण्यावांचून बीं काय करील? २०१२ च्या दुष्काळांत याच जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या. विकतचें पाणी घालून झाडें जगविणारे शेतकरी अखेर हात टेकून त्यांवर कुऱ्हाड चालवूं लागले. वर्षानुवर्षें वाढविलेलें झाड सरपणाच्या भावानें जातांना पाहणें म्हणजे काय, हें ज्यानें पाहिलें त्यालाच ठाऊक. त्यानंतर हिरवळीवर पाणी शिंपडतांना माझा हात अडूं लागला.

मग आमच्या हवेंत कमी कष्टांची बाग नाहींच काय? आहे, आणि ती आमच्या आजीला ठाऊक होती. न्हाणीचें पाणी जेथें वाहून जाई तेथें अळू व केळ, भांडी घासण्याच्या जागेलगत कढीलिंब, कुंपणाला शेवगा. त्या परसाला कोणी बाग म्हणत नसे; तिच्यासाठीं निराळें पाणी कोणी काढीत नसे, आणि रविवारचीहि वाट पाहावी लागत नसे.

पुतण्याला उत्तर लिहावयाचें आहे. हिरवळ मीं मोडून टाकली, तिच्या जागीं न्हाणीच्या पाण्याचा पाट वळविला आहे आणि अळवाला चार पानें फुटलीं आहेत, एवढेंच त्याला कळवीन म्हणतों.