एक्स-मॅक्रो

एक्स-मॅक्रो हे सी आणि सी++ या प्रोग्रॅमिंग भाषांमधील एक तंत्र आहे. परस्परांशी निगडित नोंदींची यादी एकाच ठिकाणी लिहून कंपायलर निर्देशांच्या साहाय्याने तिच्यातून एनम, तक्ते व फंक्शनची नावे तयार करणे, असे त्याचे स्वरूप आहे. संदेशांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज्ञा आणि तिचा प्रतिसाद यांची जोडी अभंग राखण्यासाठी त्याचा विशेष उपयोग होतो. '#' या चिन्हाने सुरू होणाऱ्या या निर्देशांची अंमलबजावणी प्रत्यक्ष भाषांतरापूर्वी प्रीप्रोसेसर करतो. त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर ते प्रीप्रोसेसर निर्देश होत.

गरज

मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला मॉडबस हा औद्योगिक नियंत्रकांसाठीचा प्रोटोकॉल याचे सोपे उदाहरण आहे. त्यातील प्रत्येक विनंतीत एका बाइटचा फंक्शन क्रमांक असतो. काम यशस्वी झाल्यास उपकरण उत्तरात तोच क्रमांक परत पाठवते. त्रुटी असल्यास त्यात १२८ मिळवून पाठवते. होल्डिंग रजिस्टरे वाचण्याचा क्रमांक ३ आहे, म्हणून त्याच्या त्रुटीच्या उत्तराचा क्रमांक १३१ येतो. क्रमांकांचे नाते असे सरळ असले, तरी संदेशांची रचना सारखी नसते. वाचण्याच्या विनंतीचा मुख्य भाग ५ बाइटांचा असतो, तर उत्तराची लांबी मागितलेल्या रजिस्टरांच्या संख्येवर ठरते.

हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आज्ञांचे एनम, अपेक्षित लांबीचा तक्ता, हाताळणाऱ्या फंक्शनांचा तक्ता आणि नोंदवहीत छापायची नावे अशा चार याद्या समांतर ठेवाव्या लागतात. एका यादीच्या मध्ये नवी आज्ञा घालून दुसरीत ती विसरली गेली, की पुढील सर्व ओळी एका घराने सरकतात. दोन तक्त्यांमधील नाते कंपायलरला ठाऊक नसते आणि प्रकार जुळत असल्याने तो तक्रारही करत नाही. परिणामी वाचण्याची आज्ञा लिहिण्याच्या फंक्शनकडे जाऊ शकते. यंत्रसामग्री चालवणाऱ्या प्रणालीत ही साधी चूक राहत नाही.

रचना

या तंत्रात प्रत्येक आज्ञेसाठी एकच ओळ असते व तिच्यात नाव, क्रमांक, विनंतीची लांबी इत्यादी माहिती एका मॅक्रोच्या कंसात दिलेली असते. या मॅक्रोला रूढीने 'एक्स' म्हणतात. यादी वापरण्यापूर्वी '#डिफाइन'ने एक्सचा अर्थ ठरवला जातो, मग यादी अंतर्भूत केली जाते आणि शेवटी '#अनडेफ'ने तो अर्थ पुसला जातो. पहिल्या वेळी एक्स म्हणजे एनममधील घटक, दुसऱ्या वेळी तक्त्यातील ओळ, अशा रीतीने तीच यादी हवी तितक्या वेळा वापरता येते. '##' ही क्रिया शब्द जोडते. यादीत 'तापमान' एवढेच मूळ असल्यास त्यापासून 'आज्ञा_तापमान' व 'प्रतिसाद_तापमान' ही दोन्ही नावे निघतात. एकेरी '#' त्याच मुळाची अक्षरमाला बनवते.

संदेशाच्या स्ट्रक्चरसाठी याच्या जोडीने बहुधा 'प्रॅग्मा पॅक' वापरले जाते. वरील ५ बाइटांची विनंती स्ट्रक्चर म्हणून लिहिल्यास सामान्यतः रिकामा बाइट भरला जाऊन ती ६ बाइटांची होते. सी११ मधील स्थिर प्रतिपादनाने हा आकार यादीतील लांबीशी ताडून पाहता येतो व तफावत आढळल्यास कंपायलर तेथेच थांबतो. बाइटांचा क्रम मात्र यातून सुटत नाही. मॉडबसमध्ये मोठा बाइट आधी जातो आणि तो बदल प्रोग्रॅमलाच करावा लागतो.

वापर आणि मर्यादा

एलएलव्हीएम व जीसीसी या कंपायलर प्रकल्पांत '.डेफ' फायलींमधील याद्या याच पद्धतीने वापरल्या जातात.

जोडून तयार झालेली नावे मूळ मजकुरात कोठेच लिहिलेली नसल्यामुळे ती शोधूनही सापडत नाहीत, हा या तंत्राचा सर्वांत त्रासदायक दोष होय. चुकीचे संदेशही अनेकदा दुर्बोध असतात. अशा वेळी केवळ पूर्वप्रक्रिया झालेला मजकूर काढून वाचणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. वाहन उद्योगात रूढ असलेली मिस्रा सी : २०१२ ही नियमावली '#', '##' आणि '#अनडेफ' टाळण्याचा सल्ला देते, मात्र हे नियम बंधनकारक नसून सल्लावजा आहेत. अनेक भाषांतील प्रोग्रॅम परस्परांशी बोलणार असतील, तर प्रोटोकॉल बफर्ससारखे स्वतंत्र वर्णन व त्यापासून कोड बनवणारे साधन अधिक सोयीचे पडते. त्यात सेवेच्या प्रत्येक क्रियेसोबत विनंती आणि उत्तर यांचे प्रकार एकाच ओळीत घोषित केले जातात.